लाकूड, किरण आणि कानोता : चांगलं लाकूड म्हणजे नेमकं कोणतं?



आजचा भाग कानोत्यापासून सुरू करतो. जयपूरहून आग्र्याच्या रस्त्याने पूर्वेकडे निघालं की साधारण पंधरा किलोमीटरवर हे गाव लागतं. गावात किल्ला आहे, जवळ धरण आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र कानोता माहीत आहे तो एका रोजनिशीमुळे. कानोत्याच्या अमरसिंहांनी १८९८ पासून १९४२ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षं, इंग्रजीत रोजनिशी लिहिली. तिचे ८९ खंड आहेत. एका राजपूत सरदाराच्या नजरेतून इंग्रजी अंमल कसा दिसत होता, हे कळण्यासाठी या रोजनिशीला तोड नाही.

मी त्या रोजनिशीच्या ओढीनेच तिकडे गेलो होतो. परतताना मुख्य रस्त्याला लागून एक छोटं वर्कशॉप दिसलं. बाहेर लाकडी नावपाट्या मांडलेल्या, आत लेसर कटिंगचं मशीन. पंचविशीतला एक मुलगा ते चालवत होता. आधी त्याने पातळ प्लायवूडची एक जाळी कापली. मिनिटभरात काम झालं, कडा फिकट तपकिरी, स्वच्छ. मग त्याच जाडीची शीशमची पट्टी लावली. किरण एकदा फिरला, पट्टी सुटली नाही. दुसऱ्यांदा फिरला, तरी एक कोपरा अडलेलाच. तिसऱ्या फेरीत ती सुटली, पण कडा कोळशासारख्या काळ्या. मुलगा म्हणाला, "शीशम है भाईसाब, इतनी जल्दी नहीं मानेगा." कोपऱ्यात एक वयस्क कारागीर छेनी घासत बसले होते. त्यांनी मान वर न करताच उत्तर दिलं, "छेनी से पूछो, शीशम तो राजा है."

या दोन वाक्यांवरच आजचा भाग उभा आहे. शीशम एकच. एका हत्याराला तो राजा वाटतो, दुसऱ्याला हट्टी. मग चांगलं लाकूड म्हणजे नेमकं कोणतं? आपण समजतो की लाकडाची प्रत झाडात असते. साग उत्तम, आंबा साधारण, पांगारा टाकाऊ, अशी उतरंड आपल्या डोक्यात पक्की बसलेली असते. पण इतिहास पाहिला तर ही उतरंड दर नव्या हत्याराबरोबर बदललेली दिसते. लेसर हे त्यातलं सगळ्यात ताजं हत्यार.

हत्यार ठरवतं लाकडाची जात

आधी सागाचं उदाहरण घेऊ. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात सागवानी जहाजं बांधली गेली. त्यातलं ट्रिंकोमाली हे १८१७ साली पाण्यात उतरलेलं जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतं आहे. इंग्रजी जहाजं ओकची असत. ओकमध्ये टॅनिक आम्ल असतं, ते लोखंडी खिळे आणि बोल्ट खातं. सागात नैसर्गिक तेल असतं. ते लाकडाला कुजू देत नाही आणि खिळ्यालाही सांभाळतं. म्हणजे सागाचं तेल हा गुण ठरला तो समुद्राच्या पाण्यामुळे आणि लोखंडी खिळ्यामुळे.

सुतार मात्र सागाबद्दल एक तक्रार करतात. साग करवतीची धार लवकर मारतो. कारण त्यात सिलिका असते, म्हणजे वाळूतलाच घटक, अगदी सूक्ष्म रूपात. तेल हा गुण, सिलिका हा दोष. हे दोन शब्द लक्षात ठेवा. लेसरपाशी पोचलो की ते आपली जागा बदलणार आहेत.

आता सावंतवाडीकडे येऊ. तिथली लाकडी खेळणी आणि लाखकाम आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. चितारआळीतल्या खेळण्यांसाठी पांगारा वापरतात. घरबांधणीच्या दृष्टीने पांगारा कुचकामी. खांब करता येत नाही, दार करता येत नाही. पण खेळण्यातला आंबा किंवा केळं कोरायचं असेल तर तेच हलकं, मऊ लाकूड हाताला सोपं जातं, आणि मुलाच्या हातात दिलं तर जडही होत नाही.

तिसरं उदाहरण इंग्लंडचं, कारण ते आपल्या विषयाच्या अगदी जवळचं आहे. छपाईसाठी लाकडावर चित्रं कोरायची पद्धत जुनी. फळी उभ्या रेषेत कापायची आणि सुरीने कोरायचं. पण रेषा आडवी न्यायची झाली की तंतू उचकटतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस टॉमस ब्यूइक या कारागिराने बॉक्सवूड नावाचं अतिशय घट्ट लाकूड घेऊन ते आडवं कापलं आणि तंतूंच्या टोकांवर, बारीक टोकाच्या हत्याराने कोरकाम केलं. ही पद्धत त्याच्या हातून नावारूपाला आली. १७९० साली आलेल्या त्याच्या प्राण्यांवरच्या पुस्तकातली चित्रं पाहिली तर केसन् केस दिसतो. लाकूड तेच असलं तरी ते कोणत्या तोंडाने हत्याराला भेटतं, यावर काम ठरतं.

आणि जयपूर. सांगानेर आणि बगरू इथली ठशांची छपाई जगभर गेलेली आहे. त्या ठशांसाठी कानोत्याच्या त्या कारागिरांचा राजा, म्हणजे शीशम, मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. इथे एक खुलासा. आपण मराठीत ज्याला शिसव म्हणतो ते वेगळं झाड, आणि उत्तरेतला शीशम, ज्याला शिसू असंही नाव आहे, ते वेगळं. दोघं एकाच कुळातले, भावकीतले म्हणा. शीशम घट्ट असतो. छेनीच्या टोकाने काढलेली केसासारखी बारीक रेघ त्यात तुटत नाही. ओला रंग, रोजची आपटाआपट, पुन्हा धुणं, हे सगळं तो सोसतो. नवा ठसा काही दिवस तेलात मुरवतात, म्हणजे पाण्याने फुगून तडकत नाही. आमेरच्या अनोखी म्युझियममध्ये हे ठसे आणि ते कोरण्याचं काम जवळून पाहता येतं. जयपूरला गेलात तर चुकवू नका.

बारामतीचा मुलगा आणि न दिसणारा किरण

आता लेसरकडे वळू. इथे आपल्याला महाराष्ट्रात यावं लागतं.

लेसरमागचं तत्त्व, म्हणजे उत्तेजित उत्सर्जन, आइनस्टाइनने १९१७ साली मांडलं. पहिला चालणारा लेसर मे १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून तयार केला. पण त्याचा प्रकाश तांबडा, आणि तो झटक्याझटक्याने यायचा. त्या वेळी गमतीने असं म्हणत की लेसर म्हणजे प्रश्न शोधत फिरणारं उत्तर.

लाकूड कापणारा लेसर मात्र वेगळा, आणि तो शोधणाऱ्या माणसाचा जन्म बारामतीचा. चंद्रकुमार नारणभाई पटेल. जगात त्यांना कुमार पटेल म्हणून ओळखतात. जन्म २ जुलै १९३८. शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. आपण ज्याला सीओईपी म्हणतो तिथून ते १९५८ साली दूरसंचार अभियांत्रिकीत पदवीधर झाले, तेव्हा वय विशीच्या आसपास. मग स्टॅनफर्डला गेले. १९६१ साली पीएचडी आणि लगेच न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत नोकरी. १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर जगासमोर ठेवला. पुढे १९९६ मध्ये अमेरिकेचं नॅशनल मेडल ऑफ सायन्स त्यांना मिळालं.

त्यांची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. नुसत्या कार्बन डायऑक्साइडमधून विजेचा झोत सोडला तर लेसर मिळत होता, पण मिलिवॉटमध्ये. पटेलांनी त्यात नायट्रोजन आणला. विजेच्या झोतात नायट्रोजनचे रेणू कंप पावू लागतात, पण ती ऊर्जा ते प्रकाश म्हणून बाहेर टाकू शकत नाहीत. ती त्यांच्यापाशी अडकून राहते. आणि योगायोग असा की या ऊर्जेचं माप कार्बन डायऑक्साइडच्या एका कंपनाशी जवळजवळ तंतोतंत जुळतं. त्यामुळे टक्कर झाली की नायट्रोजन आपली सगळी शिदोरी कार्बन डायऑक्साइडच्या हातात देऊन मोकळा होतो. मिलिवॉटचे वॉट झाले. मग हीलियम मिसळला आणि वर्षभरात आकडा शंभर वॉटच्या पुढे गेला. आजही कानोत्यातल्या त्या मशीनमध्ये काचेची जी नळी असते, तिच्यात हेच तीन वायू असतात. दिलेल्या विजेतला साधारण दहावा हिस्सा किरण म्हणून बाहेर पडतो. हा आकडा लहान वाटेल, पण आधीच्या वायू-लेसरमध्ये शंभरावा हिस्साही मिळत नव्हता.

या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या पंधरा-वीस पट लांब. तो दिसत नाही. लाकडाच्या दृष्टीने सगळी मेख इथेच आहे. लाकूड बनलेलं असतं सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या तीन मुख्य घटकांचं, आणि त्यांच्यातले कार्बन-ऑक्सिजनचे बंध याच टापूतली तरंगलांबी उत्तम शोषतात. पाणीही शोषतं. किरण पृष्ठभागावर पडतो आणि तिथल्या तिथे उष्णता होतो. आज पोलादाच्या कारखान्यात जो फायबर लेसर चालतो, त्याची तरंगलांबी एक मायक्रॉनच्या आसपास. तो पोलाद लोण्यासारखं कापतो, पण लाकडासमोर आणला तर बराचसा प्रकाश तंतूंमध्ये विखुरतो आणि धड काप मिळत नाही. तेव्हा लाकूड आणि लेसर यांची जी गाठ पडली, ती बारामतीत जन्मलेल्या माणसाने निवडलेल्या वायूमुळे पडली, असं म्हणायला हरकत नाही.

पहिली रोजंदारी : खोक्याचे साचे

१९६५ मध्ये लेसरने हिऱ्याला भोकं पाडायचं काम केलं, तार ओढण्याच्या साच्यांसाठी. तो माणकाचा लेसर होता. मे १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये पीटर हूल्डक्रॉफ्ट यांनी कार्बन डायऑक्साइड लेसरच्या किरणासोबत ऑक्सिजनचा झोत सोडून एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापला. झोतासोबत कापण्याची ही कल्पना आजच्या प्रत्येक मशीनमध्ये आहे.

पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या लेसरला जे पहिलं रोजचं, पोटापाण्याचं काम मिळालं, त्यातलं एक लाकडाचं होतं. औषधाचं, साबणाचं पुठ्ठ्याचं खोकं असतं ना? ते कापायला आणि त्यावर घड्या पाडायला साचा लागतो. जाड प्लायवूडमध्ये अरुंद चिरा पाडायच्या आणि त्यात पोलादी पाती ठोकून बसवायची. चीर मिलिमीटरहूनही अरुंद, आणि प्लायवूड सुमारे अठरा मिलिमीटर जाड. चीर वर रुंद आणि खाली अरुंद झाली तर पातं तिरकं बसतं. हे काम आधी निष्णात कारागीर बारीक करवतीने करत. लेसरने ते घेतलं.

आणि तिथेच पहिल्यांदा प्रश्न उभा राहिला, कोणतं लाकूड? उत्तर आलं बर्चचं प्लायवूड. कारण त्याचे थर एकसारखे, गाठी कमी, मध्ये पोकळी नाही. लाकूड सुंदर आहे का, टिकाऊ आहे का, हे कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की या टोकापासून त्या टोकापर्यंत ते सारखं आहे का? लेसरयुगात लाकडाच्या प्रतीची व्याख्या अशी बदलायला लागली.

भारतात या विद्येचं मोठं घर झालं इंदूर. मराठी माणसांचं जुनं गाव. १९ फेब्रुवारी १९८४ रोजी राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते तिथे सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीची पायाभरणी झाली. संस्थापक-संचालक होते डॉ. दिलीप भवाळकर. आज ही संस्था राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखली जाते. उद्योगासाठी आणि शस्त्रक्रियेसाठी कार्बन डायऑक्साइड लेसर तिथे घडवले गेले.

किरणापुढे लाकूड कसं वागतं?

आता कानोत्याच्या त्या टेबलावर परत येऊ आणि पाहू, शीशम का अडला.

पहिली गोष्ट : लाकूड वितळत नाही. ॲक्रिलिक किरणाखाली वितळतं आणि वाफ होतं, म्हणून त्याची कड काचेसारखी येते. लाकूड तापलं की त्याचे रेणू तुटतात. साधारण २२० अंश सेल्सिअसपासून हेमिसेल्युलोज तुटायला लागतं, ३०० च्या पुढे सेल्युलोज, आणि लिग्निन सगळ्यात चिवट. ते फार मोठ्या तापमान-टप्प्यात हळूहळू तुटतं आणि मागे कोळसा ठेवतं. म्हणून लेसरने कापलेल्या लाकडाची कड थोडीफार तरी काळवंडतेच. ती किती काळवंडावी, एवढंच आपल्या हातात असतं.

दुसरी गोष्ट : घनता. सगळ्या लाकडांच्या पेशींच्या भिंती जवळपास सारख्याच घन असतात, घनमीटरला सुमारे १५०० किलो. फरक असतो तो आतल्या हवेचा. पांगारा घनमीटरला सुमारे ३००, साग सुमारे ६५०, शीशम सुमारे ७८० किलो. म्हणजे त्याच रुंदीची आणि खोलीची चीर पाडायला पांगाऱ्यापेक्षा शीशममध्ये अडीचपटीहून अधिक पदार्थ जाळून बाहेर काढावा लागतो. किरणाची ताकद तीच असेल तर वेग त्या प्रमाणात खाली येणार. आणि वेग कमी केला की उष्णतेला कडांमध्ये शिरायला जास्त वेळ मिळतो, म्हणजे काळेपणा वाढतो. शीशमचा दोष इतकाच की त्याच्यात हवा कमी आहे. ठशासाठी हाच त्याचा गुण होता.

तिसरी गोष्ट : पाणी. लाकूड आजूबाजूच्या हवेतून ओल घेतं आणि सोडतं. पावसाळ्यात कोकणात, हवेत ८० टक्के आर्द्रता असताना, लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १५-१६ टक्के पाणी धरतं. जयपूरच्या कोरड्या दिवसांत, २५ टक्के आर्द्रतेला, पाचेक टक्केच. किलोभर कोरड्या लाकडामागे हा फरक झाला जवळजवळ ११० ग्रॅम पाण्याचा. एक ग्रॅम पाणी तीस अंशांपासून तापवून त्याची वाफ करायला सुमारे २५५० ज्यूल लागतात. म्हणजे किलोमागे २८० किलोज्यूल नुसते पाण्यावर खर्च. साठ वॉटच्या किरणाला एवढी ऊर्जा द्यायला सव्वा तासाहून जास्त वेळ लागेल. अर्थात किरण सगळी फळी जाळत नाही, चिरेपुरतंच जाळतो, त्यामुळे तुमचा तोटा मिनिटांत नाही तर सेकंदांत मोजला जाईल. पण प्रमाण तेच राहतं. म्हणूनच मालवणात जुळवलेला वेग जयपुरात जसाच्या तसा चालत नाही, आणि एप्रिलमध्ये जुळवलेला वेग जुलैमध्ये दगा देतो. उलट टोकही आहे. अगदी सुकलेलं लाकूड पटकन पेटतं. जुने सुतार लाकूड मुरवायला ठेवत ते वाकू नये म्हणून. लेसरवाल्याने मुरवायचं ते रोजचा हिशोब चुकू नये म्हणून.

चौथी गोष्ट : तेल आणि राळ. चीड, देवदार यांच्यात राळेचे साठे असतात. किरण तिथे पोचला की भडका उठतो, काजळी धरते आणि भिंगावर धूर बसतो. भिंग मळलं की किरण पसरतो आणि पुढचं काम बिघडतं. सागाचं तेलही काजळीत भर घालतं. मघाशी दोन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते. जहाजासाठी गुण ठरलेलं तेल इथे अडचण झालं. आणि सिलिका? लेसरला धारच नाही, मग ती बोथट कशी होणार? करवतीचा शत्रू लेसरच्या लेखी नसल्यासारखाच.

पाचवी गोष्ट : रेषा आणि वलयं. झाडही एका अर्थी रोजनिशी लिहितं, फक्त त्याचा एक खंड म्हणजे एक वर्ष. वेगाने वाढलेल्या मोसमातलं लाकूड विरळ, मंद वाढीचं लाकूड घट्ट. लेसरने चिडाच्या फळीवर सपाट चौकोन कोरायला घ्या. विरळ पट्टा खोल जातो, घट्ट पट्टा उंच राहतो, आणि सपाट चौकोनाऐवजी नांगरलेलं शेत मिळतं. शिवाय उष्णता तंतूंच्या दिशेने आडव्या दिशेपेक्षा जवळपास दुप्पट सहज वाहते. म्हणून गोल चकती कापली तर तिच्या चारही बाजू सारख्या काळ्या होत नाहीत. जिथे किरण तंतू आडवे तोडतो तिथे उष्णता तंतूंतून आत शिरते. ब्यूइकने जे तंतूंच्या टोकांबद्दल ओळखलं, तेच इथे वेगळ्या रूपात समोर येतं.

आणि सहावी गोष्ट आपल्या बाजारातली : प्लायवूडचा गोंद. साध्या, ओलाव्याला मर्यादित तोंड देणाऱ्या प्लायमध्ये युरिया फॉर्मल्डिहाइड असतं. पाण्यात टिकणाऱ्या प्लायमध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइड असतं. गडद, चिवट, किरणाला अडवणारं. गिऱ्हाईक म्हणतं "भारीतलं मरीन प्लाय लावा," आणि लेसरवाल्याच्या पोटात गोळा येतो. आतल्या थरात एखादी गाठ किंवा गोंदाचा गोळा असेल तर बाहेरून दिसत नाही. पाट्या निघाल्यावर कळतं, एक अक्षर सुटलेलंच नाही.

काड्यापेटीच्या लाकडाला आलेले दिवस

मग लेसरला आवडतं तरी कोणतं लाकूड? हलकं, फिकट, बिनराळेचं, आतून बाहेरून सारखं. हे वर्णन आपल्या ओळखीचं आहे. हे काड्यापेटीच्या काडीचं वर्णन आहे. स्वीडिश भांडवलावर उभी राहिलेली विमको, म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, १९२० च्या दशकात आली, तिचा कारखाना आपल्या अंबरनाथला होता. काडीसाठी सावरीसारखं मऊ, पांढरं लाकूड लागायचं. पुढे १९८० च्या दशकात उत्तरेच्या तराईत याच उद्योगाने शेतकऱ्यांना पॉपलर लावायला प्रोत्साहन दिलं. पॉपलर काड्यांपुरता राहिला नाही, प्लायवूडच्या गिरण्यांत गेला. आणि हलक्या पॉपलर प्लायला लेसरवाले आज मुद्दाम शोधत येतात. ज्या लाकडातून एक चांगली खुर्चीसुद्धा होत नाही म्हणून सुतार नाक मुरडत, त्याला किरणाने मान दिला.

छेनीचं काय?

आता खरा प्रश्न. ठसे कोरणाऱ्यांचं काय होणार? लेसर आला, हाताचं काम संपलं, असं सरसकट बोललं जातं. लाकडाच्या बाजूने पाहिलं तर उत्तर इतकं सरळ नाही.

ठशाची नक्षी काही मिलिमीटर खोल असावी लागते, नाहीतर रंग खाचांमध्ये साचतो आणि कापडावर डाग पडतो. भिंतीही सरळ किंवा पायाकडे किंचित रुंद हव्यात, म्हणजे बारीक रेघ मोडत नाही. शीशममध्ये एवढं खोल जायला लेसरला फेऱ्यांवर फेऱ्या माराव्या लागतात. दर फेरीत बारीक रेघेच्या दोन्ही बाजूंना उष्णता शिरते. रेघ मुळात केसासारखी, ती दोन्हीकडून कोळसा होत गेली तर उरतं काय? आणि कोळशाला बळ नसतं. शंभर वेळा आपटल्यावर तो झडतो. मऊ लाकूड घेतलं तर किरण खूश, पण ठसा कापडापुढे टिकत नाही. म्हणजे ज्या गुणासाठी शीशम हवा, तोच गुण किरणाला नको.

म्हणून शहाणपणाची वाट मधली आहे. किरणाने शीशमवर नक्षीची रेघ आखून घ्यावी. तिथे त्याच्या अचूकपणाला तोड नाही, आणि चार रंगांच्या चार ठशांचा मेळ बसवायला तर तो फारच कामाचा. खोदाई मात्र छेनीने करावी. पण मंडळी, एक धोका इथे आहे. आखणी हे शिकाऊ मुलाचं पहिलं काम असतं. आखता आखताच त्याचा हात आणि डोळा तयार होतो, लाकडाची रेषा कुठे फिरते ते कळतं. ती पायरी मशीनला दिली तर वरच्या पायरीवर कोण पोचणार? याचं उत्तर कोणत्याही यंत्रात नाही. ते वर्कशॉपचे मालक, गिऱ्हाईक आणि आपण सगळे मिळून देणार आहोत. हाताने कोरलेल्या ठशाचे चार पैसे जास्त मोजायची आपली तयारी आहे का, इथपर्यंत ते येतं.

आणि दुसरी गोष्ट तब्येतीची. लाकूड किरणाखाली जळतं तेव्हा फॉर्मल्डिहाइड, बेंझीन असे वायू निघतात. प्लाय असेल तर गोंदाचा धूर आणखी. धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा आणि नळ हा मशीनचाच भाग समजा. मशीन उघडं ठेवून चालवू नका. आणि लाकडासारखा दिसणारा पीव्हीसीचा थर असलेला माल कधीही लेसरखाली घालू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो फुप्फुसंही खातो आणि मशीनही.

तुमच्यापैकी कुणी हा धंदा करत असेल, किंवा गावाकडे मशीन घ्यायच्या विचारात असेल, तर एवढंच सांगतो. नव्या फळीवर एकदम काम सुरू करू नका. तिच्याच कोपऱ्यात वेगवेगळ्या वेगांचे छोटे चौकोन कापून पाहा, एक रेषेच्या दिशेने, एक आडवा. कोणता स्वच्छ सुटला ते पाहून त्याच फळीवर पेन्सिलीने वेग लिहून ठेवा, तारखेसकट. पावसाळ्यात पुन्हा हाच प्रयोग करा. वर्षभरात तुमची स्वतःची एक रोजनिशी तयार होईल, आणि ती कोणत्याही मशीनच्या माहितीपत्रकापेक्षा खरी असेल.

कानोत्याहून निघताना त्या मुलाने मला शीशमची ती काळ्या कडांची पट्टी दिली. फेकायचीच होती, म्हणाला. त्याआधी त्या वयस्क कारागिरांनी ती हातात घेतली आणि छेनीने एका बाजूचा काळा थर अलगद तासून टाकला. खाली शीशमचा तपकिरी, चकचकीत गाभा जसाच्या तसा होता. पट्टी आता माझ्या टेबलावर असते. एक कड काळी आहे, एक कड तपकिरी.

पुन्हा भेटू पुढच्या भागात. नमस्कार.